ठाणे-नवी मुंबईचा उन्हाळा चार आठवडे आधी कसा ओळखावा: फेब्रुवारीअखेर ते मेअखेर वापरायची पद्धत

१६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्कार सोहळ्याला लाखो माणसं जमली होती आणि सकाळपासून उन्हात बसून होती. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. नवी मुंबईत त्या दिवशी पारा सुमारे ३८ अंशांवर होता. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. खाडीकाठच्या दमट हवेत, सावलीशिवाय, तासन् तास बसलेल्या माणसासाठी तो किरकोळ नसतो.

१३ मे २०२४ ला दुपारी साडेचारच्या सुमारास धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. ठाण्यात-नवी मुंबईतही त्या संध्याकाळी झाडं पडली, वीज गेली, लोकल रखडल्या.

एप्रिलच्या मध्यात पारा ३८ ला टेकणं किंवा मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाचं वादळ येणं, यात आपल्या भागासाठी अनपेक्षित असं काही नाही. नेमका दिवस महिनाभर आधी कोणीच सांगू शकत नाही. पण येणारा पंधरवडा नेहमीपेक्षा तापलेला असेल का, वादळी पावसाला पोषक असेल का, याचा अंदाज हवामान विभाग दर आठवड्याला देतो, फुकट देतो, आणि आपल्यापैकी फार थोडे लोक तो उघडून पाहतात. जे पाहतात त्यातले बरेच जण त्याच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवतात: "१० तारखेला ऊन किती असेल?" चार आठवड्यांच्या अंदाजाला हा प्रश्न विचारायचाच नसतो.

माझ्या मते सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे. अंदाजाचा पल्ला जेवढा लांब, तेवढा निर्णय स्वस्त आणि मागे घेता येण्याजोगा हवा. चार आठवड्यांच्या अंदाजावर तयारी करायची, दोन आठवड्यांच्या अंदाजावर पर्याय धरून ठेवायचा, पाच दिवसांच्या अंदाजावर वेळ आणि जागा पक्की करायची, आणि तीन तासांच्या इशाऱ्यावर जागचं उठायचं. सोसायटीचे पदाधिकारी, शिबिरं घेणारे शिक्षक, लग्नघरं, बांधकामावरचे मुकादम, घरात म्हातारी माणसं असलेली कुटुंबं, सगळ्यांना हा नियम लागू पडतो.

आधी आपला उन्हाळा ओळखा

अंदाज उघडण्याआधी आपल्याकडे उन्हाळा कसा चालतो ते माहीत हवं, नाहीतर नकाशातला लाल रंग पाहून उगाच घाबरायला होतं किंवा पांढरा रंग पाहून उगाच निर्धास्त राहायला होतं.

आपल्याकडे उन्हाचा दिवस समुद्राकडचा वारा ठरवतो. जमीन तापली की पश्चिमेकडून खारं वारं सुरू होतं आणि पारा तिथेच अडतो. म्हणून एरवी मार्च ते मे मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेचं कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास राहतं. पण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत काही दिवस असे येतात, की गुजरात-राजस्थान किंवा मध्य भारताच्या डोक्यावर हवेचा जास्त दाब बसतो आणि तिकडची कोरडी, तापलेली हवा ईशान्येकडून आणि पूर्वेकडून सह्याद्री उतरून आपल्याकडे येते. हा पूर्वेचा वारा जोरात असेल तर समुद्रवारा अकराऐवजी दुपारी दोन-अडीचला पोचतो. तेवढ्या तीन तासांत पारा चार-पाच अंश वर गेलेला असतो. सांताक्रूझचा आजवरचा उच्चांक ४२.२ अंश आहे, १४ एप्रिल १९५२ चा. मार्चचा उच्चांक ४१.७, २८ मार्च १९५६ चा. मेचा यात कुठेच पत्ता नाही, कारण मेपर्यंत पश्चिमेचा वारा पक्का झालेला असतो.

मे मात्र दुसऱ्या वाटेने त्रास देतो. मार्चच्या कोरड्या दुपारी ३८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ते सुमारे ३९-४० सारखं जाणवतं. मेमध्ये ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर जाणवणारा आकडा ४२ च्या घरात जातो. पारा चार अंश कमी, त्रास जास्त. घाम येतो, पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून मेमध्ये नुसता कमाल तापमानाचा आकडा पाहणारा माणूस फसतो.

तिसरी गोष्ट अंतराची. कुलाबा, सांताक्रूझ, ठाणे, बदलापूर, मुरबाड असं आत सरकत गेलं की समुद्रवारा उशिरा आणि दमलेला पोचतो. बातम्यांत "मुंबई ३६" दिसत असताना ठाण्याच्या पूर्वेला, रबाळे-महापेच्या कारखानदारीच्या पट्ट्यात किंवा तळोज्याकडे पारा त्याच्या वर असतो, आणि बदलापूर-कर्जतकडे चाळिशी पार झालेली असते. पाम बीच रोडच्या बाजूला राहणाऱ्याचा उन्हाळा आणि पारसिकच्या डोंगराला पाठ लावून बसलेल्या वस्तीचा उन्हाळा एक नाही. मुंबईचा आकडा हा आपल्यासाठी कमीत कमी आकडा धरावा.

पहिली पायरी: फेब्रुवारीअखेरचा हंगामी अंदाज

मार्च ते मे या तीन महिन्यांचा उन्हाळी अंदाज हवामान विभाग २०१६ पासून देतो. तो फेब्रुवारीच्या शेवटी येतो, नंतर एप्रिलच्या तोंडावर सुधारून येतो. त्यात कमाल तापमान, किमान तापमान आणि उष्णतेच्या लाटांचे दिवस सरासरीपेक्षा जास्त असण्याची शक्यता नकाशावर दाखवलेली असते.

यातून आपल्याला फक्त एवढंच ठरवायचं असतं: या वर्षी उन्हाळ्याच्या तयारीला फेब्रुवारीतच पैसे काढायचे की मार्चअखेरीस. माझ्या मते ठाण्या-नवी मुंबईत उत्तर नेहमी फेब्रुवारीच असावं. २०२५ मध्ये २५ आणि २६ फेब्रुवारीलाच मुंबई, ठाणे, रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता आणि सांताक्रूझला पारा ३८ च्या वर गेला होता. होळी अजून दोन आठवडे लांब होती.

नकाशातला किमान तापमानाचा भाग वगळू नका. रात्र थंड झाली नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. शेवटच्या मजल्यावर, स्लॅबखाली झोपणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

दुसरी पायरी: दर गुरुवारचा चार आठवड्यांचा अंदाज

हाच या लेखाचा गाभा, म्हणून इथे जरा थांबू.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, विकसित केलेल्या प्रणालीवर हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित पल्ल्याचा अंदाज काढतो. प्रत्येक आठवडा शुक्रवार ते गुरुवार धरतात. विभागाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. आठवड्यागणिक पाऊस, कमाल तापमान आणि किमान तापमान सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली राहील, हे रंगांत दिसतं. तापमानाच्या नकाशात लाल म्हणजे सरासरीपेक्षा वर, पांढरा म्हणजे सरासरीजवळ.

हा अंदाज कसा बनतो ते थोडक्यात कळलं की त्यावर किती भरवसा ठेवायचा तेही कळतं. संगणकावर तेच गणित किंचित वेगवेगळ्या सुरुवातीने अनेकदा सोडवतात. बहुतेक उत्तरं एका बाजूला झुकली तर अंदाज ठाम, विखुरली तर ढिला. इतक्या लांबच्या पल्ल्याला आधार मिळतो तो समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींचा, आणि विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगांच्या एका मोठ्या लाटेचा. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी ती १९७१ मध्ये दाखवून दिली, म्हणून तिला मॅडन-ज्युलियन दोलन म्हणतात. साधारण ३० ते ६० दिवसांत ती जगाला फेरी घालते. ती हिंदी महासागरावर जोरात असेल तर आपल्या भोवतीच्या समुद्रांत ढग आणि कमी दाबाची क्षेत्रं तयार व्हायला वाव मिळतो. विभागाच्या गुरुवारच्या पत्रकात तिचा उल्लेख असतोच, तो परिच्छेद आवर्जून वाचा.

आता वाचायचं कसं.

आधी "कोकण आणि गोवा" हा उपविभाग शोधा. ठाणे आणि रायगड त्यात येतात. नकाशा ढोबळ असतो. त्यात ठाणे आणि मुरबाड वेगळे दिसतील अशी अपेक्षा धरू नका. किनाऱ्यापेक्षा लगतच्या उत्तर महाराष्ट्रात आणि गुजरातेत काय रंग आहे तेही बघा. तिकडे सलग लाल असेल आणि कोकणपट्टी पांढरी असेल, तरी पूर्वेचा वारा सुटला की ती उष्णता दोन दिवसांत आपल्या दारात येते.

दुसरं, हा आकडा आठवड्याच्या सरासरीचा असतो. लोक इथेच चुकतात. समजा आठवडा सरासरीपेक्षा दीड अंश वर दाखवलाय. वाचणारा म्हणतो, दीड अंशाने काय होतंय. पण सात दिवसांपैकी चार दिवस नेहमीसारखे आणि तीन दिवस साडेतीन अंशांनी वर गेले, तरी सरासरी दीडच येते. किनाऱ्यावर उष्णता अशीच झटक्यांनी येते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये कोकणावर एक-दोन अंशांची वाढ सलग दिसली, तर "या आठवड्यात दोन-तीन दिवस कडक जाऊ शकतात" असा अर्थ घ्यावा.

तिसरं, पहिल्या दोन आठवड्यांवर जास्त भरवसा ठेवा, तिसऱ्यावर कमी, चौथ्यावर आणखी कमी. चौथ्या आठवड्याचा रंग म्हणजे नुसता कल.

चौथं, आणि मला सगळ्यात उपयोगी वाटणारं: एक गुरुवार वाचून थांबू नका. मागच्या गुरुवारी ज्याला "दुसरा आठवडा" म्हटलं होतं तो आज "पहिला" झालाय. दोन्ही वेळा रंग तोच आहे का? मागच्या गुरुवारी लाल आणि आज पांढरा असेल तर अजून ठरलेलं नाही. दोन गुरुवार ओळीने लाल असेल तर तयारीला लागा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांसाठी "तापट", "नेहमीचा" किंवा "वादळी" एवढा एकच शब्द पेन्सिलीने लिहिला तरी पुरे. आठवडा सरला की प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी लिहा. एका उन्हाळ्यात आपल्या भागासाठी हा अंदाज कुठे बरोबर येतो आणि कुठे घसरतो ते स्वतःला कळतं.

शक्यतेच्या भाषेबद्दल एक. "सरासरीपेक्षा जास्त असण्याची शक्यता ६० टक्के" याचा अर्थ दहापैकी चार वेळा तसं होणार नाही. अंदाज तेव्हा चुकला असं म्हणू नये. ६० टक्क्यांवर हॉलचे पैसे बुडवून तारीख बदलणं शहाणपणाचं नाही. मांडववाल्याला "वरून कापड आणि बाजूला पंखे लागतील, आत्ता धरून ठेव, पाच दिवस आधी पक्कं सांगतो" असं म्हणणं मात्र नक्की शहाणपणाचं.

एक उदाहरण: १ मेचा कार्यक्रम

समजा सोसायटीत १ मे ला सकाळी झेंडावंदन, मुलांच्या स्पर्धा, दुपारी जेवण, संध्याकाळी सत्यनारायण आणि गाण्यांचा कार्यक्रम आहे.

एप्रिलच्या पहिल्या, काही वर्षी दुसऱ्या, गुरुवारी १ मेचा आठवडा जेमतेम चौथ्या घरात येतो. तेव्हा फक्त रचना ठरवायची: धावण्याच्या स्पर्धा सकाळी साडेनऊपर्यंत आटपतील अशा, जेवण तळमजल्यावर किंवा क्लब हाउसमध्ये, गच्चीवर नाही. हे निर्णय हवा कशीही असली तरी तोट्याचे नाहीत.

एप्रिलच्या मध्यावर दोन गुरुवार सलग "तापट" निघाले तर मांडवाचं कापड, मोठे पंखे, पाण्याचे जार आणि ओआरएसची पाकिटं सांगून ठेवायची. पावसाचा रंग सरासरीपेक्षा वर असेल तर संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी आतली जागा हाताशी ठेवायची आणि ध्वनिक्षेपकवाल्याला तसं सांगायचं.

२६-२७ एप्रिलला पाच दिवसांचा जिल्हावार इशारा बघून वेळापत्रक पक्कं करायचं. आणि १ मे ला दुपारी चारनंतर एका माणसाकडे एकच काम: दर अर्ध्या तासाने तीन तासांचा इशारा आणि रडार बघणं. हे काम कोणाकडे आहे ते माईकवरून सांगून टाका, म्हणजे तो "पाच मिनिटांत आत चला" म्हणेल तेव्हा कोणी वाद घालत बसणार नाही.

गुढीपाडव्याची शोभायात्रा, १४ एप्रिलची मिरवणूक, मेमधली हळद, मुलांचं शिबिर, हीच रीत सगळीकडे चालते. शोभायात्रांचं एक चांगलं आहे, त्या पहाटे निघतात. ढोल-ताशा पथकांनी मात्र लक्षात ठेवावं: कमरेला ढोल बांधून तीन तास वाजवणाऱ्या मुलाचं शरीर स्वतःच भट्टीसारखं उष्णता तयार करत असतं, त्यामुळे त्याला ३४ अंशही जड जातात. दर वीस मिनिटांनी पाणी आणि आळीपाळीने विश्रांती हवी.

तिसरी पायरी: पाच दिवसांचे इशारे आणि त्यांचे रंग

मुंबईचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देतं. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. ठाणे जिल्हा आणि रायगड जिल्हा दोन्ही बघा. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात येतात, खारघर, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. नवी मुंबईकर नेमके इथे गोंधळतात आणि दुसऱ्याच जिल्ह्याचा रंग वाचतात.

उष्णतेची लाट जाहीर करण्याचे निकष माहीत असले की इशाऱ्याची भाषा उलगडते. मैदानी भागात पारा किमान ४० व्हावा लागतो, किनारी केंद्रावर ३७. शिवाय तो त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवा. साडेसहाच्या जवळपास किंवा पुढे गेला तर तीव्र लाट. आणि उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. पूर्वानुमानातला इशारा आधी येतो हे खरं, पण तो आला नाही म्हणजे धोका नाही असं नाही. ३६ अंशांची, लाटेच्या व्याख्येत न बसणारी दुपारही गवंड्याला किंवा तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडीला आजारी पाडू शकते. हापूसच्या हंगामात तिथे काम वाढतं आणि ऊनही, दोन्ही एकदमच.

"उष्ण आणि दमट हवामान" असाही इशारा कोकणासाठी येतो. लाटेच्या इशाऱ्यापेक्षा लोक तो हलक्यात घेतात. मघाशी दिलेलं ३४ अंशांचं गणित आठवा आणि तो तितक्याच गंभीरपणे घ्या.

इशारा पिवळा असो वा नसो, आदल्या दिवशी एक साधी गोष्ट बघा. सकाळी दहा-अकराला वारा कुठून येतोय? खिडकीचा पडदा, झेंडा, चिमणीचा धूर, काहीही चालेल. पूर्वेकडून कोरडा वारा असेल, ओठ सुकत असतील, कपडे तासाभरात खडखडीत वाळत असतील, तर दुपार जड जाणार. उद्याचा दिवसही बहुधा तसाच. खारं वारं लवकर सुटलं तर पारा आवरेल, चिकचिक वाढेल.

चौथी पायरी: घर आणि सोसायटीत प्रत्यक्ष करायचं

पैशाची कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुन्याचा लेप, शेवटच्या मजल्याच्या खोल्यांना पडदे, टाक्यांवर झाकणं, जनरेटरची तपासणी. उन्हाळ्यात विजेचा भार वाढतो आणि लिफ्ट बंद पडली की बाराव्या मजल्यावरचा हृदयरोगी अडकतो. महावितरणकडे तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक लिफ्टशेजारीच लावून ठेवा. ठाण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवण्याची सूचना आली आणि तोच आठवडा "तापट" असेल, तर टँकर आधीच सांगा.

सोसायटीत एक यादी हवी: एकटी राहणारी वृद्ध माणसं, अंथरुणाला खिळलेले, गर्भवती, तान्ही बाळं, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला प्रत्येकाच्या दारावर कोणीतरी जाऊन यायचं. फोनवर "मी बरी आहे" ऐकून थांबू नका, उष्णतेने गुंगी येत असलेलं माणूस तेच सांगतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारं औषध घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांना मार्चमध्येच विचारावं, मनाने बंद करू नये.

वॉचमन, सफाई कामगार, घरकामाच्या ताई, डिलिव्हरी देणारी मुलं यांचा उन्हाळा आपल्या हातात असतो. वॉचमनच्या केबिनवर पत्रा असेल तर त्यावर काहीतरी टाका आणि आत पंखा द्या. फाटकाशी माठ ठेवा. दुपारी बारा ते चारमधली पार्सलं फाटकाशी घ्यायची की दाराशी बोलवायची, हाही निर्णयच आहे. आमच्याकडे आता ती फाटकाशीच घेतात.

घरातला पंखा अंगाला वारा देतो, हवा थंड करत नाही. खोलीतलं तापमान ४० च्या पुढे गेलं तर तो गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा ओल्या कपड्याने अंग पुसत राहणं आणि खालच्या मजल्यावर किंवा थंड जागी जाणं हाच उपाय. ताक, कोकम सरबत, पन्हं, लिंबूपाणी चांगलंच, पण खूप घाम गेला असेल तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

उष्माघात ओळखायची खूण म्हणजे तापलेलं अंग आणि बिघडलेलं भान. बडबड, चालताना झोक जाणं, उलटी, झटका, बेशुद्धी. शरीराचं तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातं. कधी त्वचा कोरडी असते, पण श्रम करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो, म्हणून घामावरून ठरवू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं सुरू ठेवा: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मानेवर, काखेत, जांघेत बर्फ किंवा थंड ओली फडकी ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग होत नाही. थंड करण्यात घालवलेलं प्रत्येक मिनिट औषधाचं काम करतं.

पाचवी पायरी: वळीव, वादळी वारा आणि वीज

एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपारी पूर्वेकडे बघायची सवय लावा. मुरबाड, शहापूर, कर्जतच्या डोक्यावर ढग उभे वाढायला लागतात, त्यांचे माथे पांढरे, कडा ठसठशीत. वरचे वारे पूर्वेचे असतील तर तेच ढग संध्याकाळी ठाणे-कल्याणवर येतात. पाऊस पोचण्याआधी ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत धूळ उडवत येते. झाडं, पत्रे, होर्डिंग पाडते ती हीच हवा. उकाड्यात अचानक गार झुळूक आली आणि पूर्व काळवंडलेली असेल, तर आपल्याकडे फक्त काही मिनिटं आहेत.

गुरुवारच्या अंदाजात याचं चित्र फार पुसट असतं, पावसाचा रंग सरासरीपेक्षा वर दिसेल इतकंच. पाच दिवसांच्या इशाऱ्यात "मेघगर्जनेसह वादळी वारे" असे शब्द येतात. खरं काम करतो तो तीन तासांचा तात्काळ इशारा. तो कुलाबा आणि वेरावलीच्या रडारवर नजर ठेवून देतात, आणि रडारची चित्रं आपल्यालाही विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात. दोन चित्रांत लाल-पिवळा डाग किती सरकला ते पाहिलं की तो आपल्याकडे केव्हा येईल याचा साधारण हिशेब लागतो. फोनवर विभागाचं "मौसम", विजांसाठी आयआयटीएमचं "दामिनी" आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं "सचेत" ही तीन ॲप पुरेशी आहेत. दामिनी आपल्याभोवती २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर कळवतं.

इशारा आला की गच्चीवरचे सुटे पत्रे, कुंड्या, वाळत घातलेलं सगळं खाली. परांचीवरचे कामगार खाली, क्रेन बंद. घोडबंदर रोड असो की ठाणे-बेलापूर रोड, गाडी होर्डिंगखाली, जुन्या गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली थांबवू नका. दुचाकीवाले पाऊस टाळायला झाडाखाली किंवा होर्डिंगच्या आडोशाला उभे राहतात, भिजलेलं परवडलं. विजेचा गडगडाट ऐकू आला म्हणजे ती आपल्यापर्यंत पोचू शकते. पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानावर परत जाऊ नका. टर्फवर रात्री खेळणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही, आणि तिथे भोवती उंच लोखंडी खांब असतात.

सहावी पायरी: अरबी समुद्राकडे एक डोळा

चक्रीवादळांसाठीही हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचं वेगळं पत्रक काढतो. त्यात बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र दोन्ही असतात. एप्रिलच्या मध्यापासून ते वाचायला लागा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. १७ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याला न धडकता दूर समुद्रातून उत्तरेला, गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. म्हणून "वादळ गुजरातला जाणार" एवढं ऐकून सुटकेचा निःश्वास टाकू नये.

पावसाळ्याआधीच्या कामांच्या तारखाही आता पुढे ओढायला हव्यात. मुंबईत मान्सून पोचण्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला, १९५६ चा २९ मेचा विक्रम मोडून, आणि त्याआधी मेभर वळवाने झोडपलं होतं. त्या वर्षी ज्यांनी झाडांची छाटणी, गच्चीची गळती, गटारं ३१ मेपर्यंत उरकायची ठरवली होती ते सगळे अडकले. सोसायटीच्या ठरावात ही तारीख १५ मे लिहा. फांद्या छाटायच्या असतील तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगीचा अर्ज मार्चमध्येच जायला हवा, कारण मेमध्ये सगळे एकदम अर्ज करतात. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, विजेच्या तक्रारीचा १९१२ आणि आपल्या वॉर्ड कार्यालयाचा क्रमांक एका कागदावर लिहून प्रत्येक मजल्यावर लावा. वादळात मोबाइलचं नेटवर्क आणि चार्जिंग दोन्ही जातं, म्हणून एका घरात तरी बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि भरलेली पॉवर बँक ठेवा, आणि ते घर कोणतं ते सगळ्यांना माहीत असू द्या.